घराला स्विमिंग पूल आहे? मग आधी फेन्सचं बघा (सिडनीकरांसाठी)

सिडनीत पूलवालं घर बघायला गेलं की एजंट हमखास सांगतो, फेन्स आहे, सगळं व्यवस्थित आहे. फेन्स असते हो, पण फेन्स असणं वेगळं आणि ती नियमात बसणं वेगळं, आणि बहुतेक घरांत गडबड फेन्समध्ये नसतेच, फेन्सला चिकटून ठेवलेल्या कुंडीत नाहीतर ढिल्या पडलेल्या गेटमध्ये असते. आपल्या लोकांमध्ये हल्ली केलीव्हिल, कॅसल हिल, ब्लॅकटाउन साइडला पूलवाली घरं घेणारे बरेच झालेत आणि तेच तेच प्रश्न सगळे विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. हे सगळं न्यू साऊथ वेल्सचं आहे, मेलबर्न-ब्रिस्बेनवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

पहिली गोष्ट, पूल कशाला म्हणायचं. तुम्हाला वाटतं जमिनीत खणलेला, निळ्या टाइल्सचा तोच पूल. कायद्याच्या लेखी ज्यात ३०० मिमीपेक्षा जास्त खोल पाणी मावू शकतं आणि जे पोहायला डुंबायला वापरतात ते सगळं पूल. मावू शकतं म्हणतोय, भरलेलं असायलाच हवं असं नाही, म्हणजे मी अर्धाच भरतो हे उत्तर चालत नाही. दुकानातून आणलेला हवा भरायचा मोठा पूल पण यात येतो, बाहेर ठेवलेला स्पा पण येतो. बाथरूममधला स्पा-बाथ येत नाही.

आता कुठला नियम लागू ते पूल कधी बांधला त्यावर. १ ऑगस्ट १९९० च्या आधीचा असेल तर काही सवलती आहेत, घराच्या दारातून थेट पूलकडे जाता येत असलं तरी ते दार मुलांना उघडता न येणारं असेल तर चालू शकतं. त्यानंतरच्या पूलना घर आणि पूल यांच्यामध्ये फेन्स हवीच. मग २००८ ला आणि मे २०१३ ला स्टँडर्ड बदललं, हल्लीच्या पूलना एएस १९२६.१ या पूल-फेन्सच्या ऑस्ट्रेलियन स्टँडर्डची २०१२ ची आवृत्ती लागते. लहान प्लॉट म्हणजे २३० चौरस मीटरच्या आतले, दोन हेक्टर किंवा जास्त जागा असलेले आणि पाण्याच्या काठावरचे, यांच्या जुन्या पूलना पण सूट होती, पण पूल १ जुलै २०१० च्या आधीचा असेल तरच. आणि एक मेख आहे, पूल किंवा फेन्स बरीचशी बदललीत की जुनी सवलत जाते आणि आजचा नियम लागतो. म्हणून जुनं घर घेऊन लगेच बॅकयार्डचं रिनोव्हेशन काढणाऱ्यांनी आधी कौन्सिलला विचारावं. मी तर म्हणेन सवलत असली तरी आजच्या नियमाने फेन्स करा, पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्या १९९० च्या तारखेने त्याला काय फरक पडतो.

मापं सांगायच्या आधी एक काम करा. फेन्सच्या बाहेरच्या बाजूला जा, म्हणजे जिथून मूल येणार तिथे, आणि खाली बसा. मोठ्या माणसाला उभं राहून फेन्स बरोबरच दिसते. खाली बसलं की दिसतं कुठे पाय ठेवता येईल, कुठून डोकं घालता येईल, काय ओढून आणता येईल. नियमातला प्रत्येक आकडा या मुलाचा विचार करून आलाय, तो आकडा पाठ करण्यापेक्षा कशासाठी आहे ते कळलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात.

फेन्सची उंची बाहेरच्या जमिनीपासून किमान १२०० मिमी. बाहेरच्या म्हणजे खरोखर बाहेरच्या, आतून मोजून उपयोग नाही. आणि जमीन म्हणजे आजची जमीन. फेन्स लावली तेव्हा १२०० होती, मग दर वर्षी बागेत मल्च टाकला, माती टाकली, फरशी घातली आणि आता ११४० राहिलीये, हे फार होतं. खालची फट १०० मिमीपेक्षा जास्त नको, उभ्या गजांमधली पण १०० पेक्षा जास्त नको. टेप घेऊन प्रत्येक फट मोजत बसू नका, १०० मिमीचा पुठ्ठ्याचा चौकोन कापा आणि तो सगळीकडे घालून बघा, खास करून उताराच्या जागी आणि जिथे पावसाने माती वाहून गेलीये तिथे. आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूने असतील तर खालची आणि वरची यांच्यात किमान ९०० मिमी अंतर हवं, नाहीतर ती शिडीच झाली.

आता ९०० चा विषय, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक नापास होतात. फेन्सच्या वरच्या टोकापासून बाहेर आणि खाली ९०० मिमीची एक कमान कल्पनेत काढा, त्या जागेत पाय ठेवून वर चढता येईल असं काहीही नको. काहीही म्हणजे १० मिमी बाहेर आलेली कड सुद्धा पाय टेकवायला पुरते असं धरतात. आपल्या घरांत या जागेत काय काय सापडतं बघा, कढीपत्त्याची कुंडी, तुळशीवृंदावन, बार्बेक्यू, प्लास्टिकच्या खुर्च्या, मुलाचीच तीनचाकी, पाण्याच्या नळाची रीळ, फिल्टरचा पंप आणि त्याच्यावरचा डबा, एसीचं बाहेरचं युनिट, शेजारच्या झाडाची खाली वाकलेली फांदी. कुंडी मोठी आणि जड आहे, मूल ती हलवू शकत नाही असं लोक सांगतात, अहो पण ते हलवणार नाही, त्याच्यावर चढणार आहे, जड कुंडी तर उलट जास्त पक्की. तुळस ठेवायची असेल तर जरूर ठेवा, फेन्सपासून मीटरभर लांब ठेवा, पूजेला काही फरक पडत नाही.

पंप आणि एसी हलवायला खर्च येतो म्हणून तिथे लोक अडतात. कधी कधी फेन्सच थोडी सरकवणं किंवा तेवढ्या भागात उंच करणं स्वस्त पडतं, कधी त्या वस्तूवर उतरतं, पाय न टिकणारं आवरण बसवता येतं, पण हे इन्स्पेक्टरला आधी विचारून करा, करून झाल्यावर विचारू नका. आतल्या बाजूला पण लक्ष द्या, गजांमधून हात-पाय आत जात असेल तर आतली ३०० मिमी जागा पण मोकळी लागते, पूलची जाळी, ब्रश, फ्लोट वगैरे फेन्सला टेकवून ठेवायची सवय असते ती सोडा.

शेजाऱ्याशी कॉमन असलेली फेन्स पूलची फेन्स म्हणून वापरत असाल तर हिशेब उलटा. तिथे उंची १८०० मिमी आणि ती आतून, तुमच्या बाजूने मोजायची, आणि वरचे ९०० मिमी पण तुमच्याच बाजूला मोकळे ठेवायचे. कारण साधं आहे, शेजाऱ्याने त्याच्या बाजूला काय ठेवलंय त्यावर तुमचा ताबा नाही, म्हणून उंचीच वाढवून ठेवली आणि शेजारचं पोरगं वर आलं तरी त्याला तुमच्या बाजूला उतरायला पाय ठेवायला जागा मिळू नये. जुन्या लाकडी फेन्सचे आडवे वासे बऱ्याचदा तुमच्या बाजूलाच असतात, त्यावर सुतार ६० अंशाच्या तिरक्या पट्ट्या ठोकून देतात म्हणजे पाय टिकत नाही. कलरबाँडची (रंगीत स्टीलच्या पत्र्याची) नवीन करत असाल तर आडवी पट्टी कुठल्या बाजूला येणार हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

काचेची फेन्स सगळ्यांना आवडते, दिसते छान, आणि घरातून पाणी दिसत राहतं हा खरंच फायदा आहे. फक्त तिच्या खालच्या स्टीलच्या खुंट्या क्लोरीन आणि खाऱ्या पाण्याने गंजतात, वर्षातून एकदा हलवून बघा. काचांमधल्या फटींना तोच १०० चा नियम.

गेट. माझ्या मते वेळ थोडाच असेल तर बाकी सगळं सोडून गेट तपासा, कारण फेन्स जागची हलत नाही, गेट दिवसातून कितीदा तरी हलतं. गेट बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाण्यापासून लांब उघडलं पाहिजे, म्हणजे मूल आतल्या दिशेने रेललं तरी ते उघडत नाही. सोडलं की आपोआप बंद झालं पाहिजे आणि आपोआप लॅच लागला पाहिजे, ढकलावं लागता कामा नये. टेस्ट अशी करा: पूर्ण उघडा आणि सोडा. अर्ध्यावर धरा आणि सोडा. मग एकदम हळू आणून लॅचला नुसतं टेकवा आणि सोडा. पहिल्या दोन्हीत बहुतेक गेटं पास होतात, तिसऱ्यात फेल जातात, कारण जोर नसतो आणि स्प्रिंग थकलेली असते. वारा नसताना करा, वाऱ्याने बंद झालेलं गेट म्हणजे पास नव्हे. लॅच लागल्यावर गेट जोरात ओढून बघा.

लॅच उघडायची कळ जमिनीपासून किमान १५०० मिमी वर हवी. त्याहून खाली असेल तर ती आतल्या बाजूला, गेटच्या वरच्या कडेपासून किमान १५० मिमी खाली, आणि तिच्याभोवती ४५० मिमी त्रिज्येचा आडोसा ज्यात १० मिमीपेक्षा मोठी फट नाही. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानात उंच खांबाची मॅग्नेटिक लॅच मिळते, वरून नॉब ओढायचा, मला तीच सोपी वाटते, या आडोशाच्या भानगडीत पडावं लागत नाही. बिजागऱ्या घेताना ताण कमीजास्त करता येणाऱ्या घ्या, स्क्रूड्रायव्हरने एखादी खाच फिरवली की गेट परत नीट बंद होतं. वेस्टर्न सिडनीत चिकणमाती आहे, पावसात फुगते उन्हाळ्यात आटते, खांब थोडे कलतात आणि लॅच समोरासमोर येत नाही, त्यामुळे गेल्या वर्षी पास झालेलं गेट यंदा पास होईलच असं नाही. मोठा पाऊस झाला किंवा बरेच दिवस कोरडे गेले की एकदा तिन्ही टेस्ट करा, मिनिटभराचं काम आहे.

घराची भिंत फेन्सचा भाग असेल तर तिच्यातल्या खिडक्या बघा. पूलच्या बाजूला उघडणारी खिडकी १०० मिमीपेक्षा जास्त उघडता कामा नये, नाहीतर पक्के बार किंवा स्क्रूने बसवलेली जाळी हवी. साधी मच्छरजाळी चालत नाही, ती मूल ढकलूनच बाहेर काढतं. आणि कपडे वाळत घालायची दोरी, बागकामाची शेड असलं काही फेन्सच्या आत ठेवू नका. आत असलं की दिवसभर ये-जा होते, हातात बादली असते, मग कोणीतरी गेटला खुर्ची लावून ठेवतं.

स्पाचं थोडं वेगळं आहे. न्यू साऊथ वेल्समध्ये बाहेरचा स्पा वापरात नसताना मजबूत झाकणाने बंद आणि मुलांना उघडता येणार नाही असा लॉक केलेला असेल तर भोवती फेन्स लागत नाही. मजबूत म्हणजे मूल वर बसलं तरी आत न जाणारं, उष्णता टिकवायला टाकलेली निळी बबल शीट म्हणजे झाकण नव्हे. आता खरं सांगू का, झाकण दर वेळी लॉक करणारी माणसं मी फार कमी बघितलीत, रात्री थंडीत ओल्या अंगाने बाहेर आल्यावर पट्टे कोण लावत बसतं, सकाळी लावू म्हणतात. तुमच्या घरी तसं होणार असेल तर सरळ फेन्सच्या आत स्पा ठेवा. रजिस्टर मात्र स्पा पण करायचाच.

उन्हाळ्यात आणलेला पोर्टेबल पूल ३०० मिमीच्या वर जात असेल तर त्यालाही हीच फेन्स आणि हेच रजिस्ट्रेशन, चार दिवसांसाठीच लावलाय म्हणून सूट नाही. एवढं नको असेल तर उथळ घ्या, आणि उथळ पण वापरून झाला की रिकामा करून उलटा ठेवा, पाऊस पडला की तो परत भरतो. गणपतीत बॅकयार्डला विसर्जनासाठी मोठा टब भरतो आपण, त्याला पूलचा कायदा लागत नसेल पण लहान मुलाला बुडायला तेवढं पाणी पुरतं, आरती झाली जेवणं झाली आणि टब मूर्ती विरघळेपर्यंत तसाच पडून राहतो. जाळी बांधा नाहीतर गॅरेजमध्ये ठेवून दार बंद करा.

नवीन पूल बांधताना कॉन्ट्रॅक्टर कायमची फेन्स शेवटी करतो, मधल्या काळात खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं. ३०० मिमी साठण्याची शक्यता आली की तात्पुरती का होईना पण जमिनीला पक्की केलेली फेन्स हवी. करारात कोण लावणार आणि कधीपर्यंत ठेवणार ते लिहून घ्या.

पूलजवळ सीपीआरची (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवायच्या पद्धतीची) पाटी लावणं सक्तीचं आहे. मुलांवर लक्ष ठेवा, गेट कायम बंद ठेवा, फेन्सपासून ९०० मिमी जागा मोकळी ठेवा ही वाक्यं आणि सीपीआरच्या पायऱ्या त्यावर असतात, ३ मीटरवरून वाचता आली पाहिजे. दोन वर्षं उन्हात राहिली की अक्षरं उडतात, स्वस्तात मिळते, बदलून टाका. पाटी वाचून मात्र कोणी सीपीआर शिकत नाही. ३० वेळा छाती दाबायची, २ श्वास द्यायचे, आणि ट्रिपल झीरोला (०००, इमर्जन्सी नंबर) फोन, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हात लावून एकदा तरी केलेलं असावं. कोर्स अर्ध्या दिवसाचे असतात.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. राज्याचं ऑनलाइन स्विमिंग पूल रजिस्टर आहे, त्यात नोंदणी स्वतः केली तर फुकट. त्याच साइटवर बांधकामाच्या वर्षाप्रमाणे तपासणीच्या याद्या आहेत, आपल्या वर्षाची काढून स्वतः एकदा टिक करत जा. मग कौन्सिल किंवा खाजगी सर्टिफायरकडून इन्स्पेक्शन, पास झालं की सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स (नियमात बसल्याचं सर्टिफिकेट), ते तीन वर्षं चालतं. स्वतः राहत असाल आणि विकायचं-भाड्याने द्यायचं नसेल तर दर तीन वर्षांनी ते काढणं बंधनकारक नाही, फेन्स नियमात ठेवणं मात्र रोजच बंधनकारक आहे.

२९ एप्रिल २०१६ पासून घर विकताना करारासोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं, पण गंमत अशी की नापास झाल्याचं सर्टिफिकेट जोडूनही विकता येतं. तसं असेल तर दुरुस्ती घर घेणाऱ्याच्या गळ्यात आणि सेटलमेंटपासून (पैसे देऊन घर ताब्यात येतं तो दिवस) ९० दिवसांत करायची. त्यामुळे घर घेताना सर्टिफिकेट आहे का एवढंच विचारू नका, कुठलं आहे ते विचारा, नॉन-कम्प्लायन्स असेल तर त्यासोबतची त्रुटींची यादी मागा, फेन्सवाल्याचं कोटेशन घ्या आणि तेवढे पैसे किमतीत कमी करून मागा. सेटलमेंट झाल्यावर बोलायला जागा राहत नाही. भाड्याने देताना ही पळवाट नाही, तिथे पासचंच सर्टिफिकेट लागतं. आणि तुम्ही भाडेकरू असाल तर फेन्स दुरुस्त करणं मालकाचं काम, पण गेट बंद ठेवणं तुमचं, कायद्याने सुद्धा. गेट नीट लागत नसेल तर ईमेल करा, फोनवर सांगून ठेवू नका.

आता फेन्स झाली, सर्टिफिकेट आलं, मग भारतातून आई-बाबा येतात. त्यांना या गेटची सवय नसते, लॅच वर ओढायला अवघड जातं, मग विटेचा तुकडा लावून गेट उघडं ठेवतात, सुनेला कशाला त्रास म्हणून सांगतही नाहीत. आल्याच्या पहिल्या दिवशी त्यांना गेटपाशी घेऊन जा आणि त्यांच्याकडूनच चार वेळा उघडून घ्या. दंडाबिंडाचं सांगू नका, नातवाचं सांगा, लगेच पटतं. आणि पार्टी असली की वीस माणसं असतात, प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. पाण्याकडे कोण बघणार त्याचं नाव घेऊन सांगायचं, अर्ध्या तासाने दुसरा, त्या वेळात त्याने फोन आणि ग्लास दोन्ही बाजूला ठेवायचं. पार्टी संपली की खुर्च्या फेन्सपासून लांब, आणि खेळणी पाण्यातून बाहेर, तरंगणारा बॉल दिसला की मूल तिकडेच जातं.

मेलबर्नवाल्यांनी पूल आणि स्पा आपल्या कौन्सिलकडे नोंदवायचा, डिसेंबर २०१९ पासूनचा नियम आहे, आणि तिथे स्वतः राहत असलात तरी दर चार वर्षांनी इन्स्पेक्शन करून सर्टिफिकेट द्यावं लागतं. स्पाला झाकण आहे म्हणून तिथे भागत नाही, फेन्स लागते. क्वीन्सलंडमध्ये विकताना-भाड्याने देताना सर्टिफिकेट लागतं, एका घराच्या पूलसाठी ते दोन वर्षंच चालतं. मापं सगळीकडे जवळपास तीच.

आणि सुट्टीत इंडियाला जाऊन लोणावळा, कर्जत, अलिबागला पूलवाला बंगला बुक करताना हे सगळं विसरायचं नाही, तिथे बहुतेक ठिकाणी हॉलचं सरकतं दार उघडलं की समोर पाणी, मध्ये काहीच नाही. इथली मुलं गेटच्या भरवशावर वाढलेली असतात आणि आपणही. बुक करायच्या आधी मालकाला फोन करून विचारा की पूलला कुंपण आहे का, नसेल तर हॉलच्या दाराला वरच्या बाजूला कडी आहे का, आणि व्हॉट्सॅपवर फोटो मागा. दोन्ही नसेल आणि बरोबर लहान मूल असेल तर बिनपूलचा बंगला बघा, लोणावळ्यात ते पण भरपूर आहेत.